कंसातला कॅम्प

उल्हासनगरचा पत्ता शेवटून वाचायचा असतो. आधी पिन कोड, मग कॅम्प, मग सेक्शन, मग बॅरॅक, मग रूम, आणि सगळ्यात शेवटी माणसाचं नाव. पार्सलं वाटणारी पोरं तसंच वाचतात. गोणीतून पार्सल बाहेर आलं की त्यांचा अंगठा आधी पत्त्याच्या तळाशी जातो. नावाशी त्यांना देणंघेणं दार वाजवल्यावर.

माझं काम त्याच्या आधीचं. दुकानदार गिऱ्हाइकांच्या याद्या पाठवतात. कुणाची एक्सेलमध्ये असते, कुणाची व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून तशीच चिकटवलेली. त्यात पत्ता म्हणजे एक सलग लांबलचक ओळ. ती फोडून कॅम्प एका रकान्यात, सेक्शन दुसऱ्यात, बॅरॅक तिसऱ्यात असं मांडून द्यायचं, म्हणजे सकाळी गोण्या त्या हिशोबाने लागतात. आमचा मुलूख लहान आहे. कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसलं की विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी ओळीने स्टेशनं येतात, तेवढाच. मी राहते बदलापूरला, ऑफिस उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, त्यामुळे ही तिन्ही गावं रोज खिडकीतून दिसतात आणि मग दिवसभर स्क्रीनवर.

ओळ फोडायचं हत्यार म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. धंद्यात सगळे रेजेक्स म्हणतात. मजकुरात अमुक घडणीचं काही आहे का, हे शोधण्यासाठी लिहायचा पॅटर्न. शिकवणीत पोरांना हे सांगतात आणि तिथेच थांबतात. पॅटर्न लिहायचा, जुळला की 'मॅच सापडली' असं छापायचं, टाळ्या. प्रत्यक्ष कामात मॅच सापडली एवढ्यावर कुणाचंच भागत नाही. पत्त्यात सेक्शन लिहिलाय हे मला डोळ्यांनीही दिसतं. मला हवा असतो तो सेक्शनचा आकडा, सुटा, त्याच्या मागचापुढचा मजकूर झटकून. तेवढ्यासाठी पॅटर्नमध्ये कंस असतात. समजा, पत्ता असा आहे (आमच्या याद्यांत आकडे बहुधा इंग्रजी अंकांतच असतात, म्हणून नमुन्यांत तसेच ठेवते) :

बीके नं. 781, रूम 5, सेक्शन 17, उल्हासनगर-3

बीके म्हणजे बॅरॅक. इथे सेक्शन ([0-9]+) असा पॅटर्न चालवला की जुळलेला पूर्ण तुकडा 'सेक्शन 17' हा होतो. त्याला ग्रुप शून्य म्हणतात. कंसातलं जे जुळलं ते '17', तो ग्रुप एक. मला ग्रुप एक पाहिजे. चौकटीचे कंस निराळे, ते फक्त 'शून्य ते नऊपैकी कुठलाही अंक' एवढं सांगतात. पकडून ठेवण्याचं काम गोल कंसाचं.

गणितातल्या मूळ कल्पनेत हे पकडणं नव्हतंच. स्टीफन क्लेनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये ही मांडणी केली, ती १९५६ मध्ये छापून आली. तिच्यात कंस होते ते बीजगणितात असतात तसे, काय कशाला बांधलेलं आहे हे सांगण्यापुरते. पुढे केन थॉम्प्सनने १९६८ मध्ये ही कल्पना मजकूर शोधायला वापरायची रीत छापली. मग युनिक्सवरचे मजकूर-संपादक (एडिटर) आले, फायलींत मजकूर शोधणारं ग्रेप आलं, १९८७ मध्ये लॅरी वॉलची पर्ल भाषा आली आणि कंसात सापडलेलं लक्षात ठेवायचं काम रोजच्या वापरातलं झालं. म्हणजे एकाच चिन्हाच्या गळ्यात दोन कामं पडली, बांधायचं आणि पकडायचं. आमचे अर्धे गोंधळ त्यातून निघतात, ते पुढे येईलच.

उल्हासनगर कंसात सहज सापडतं याला कारण आहे. हे गाव वसलंच मोजून. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना इथल्या बॅरॅकींत जागा मिळाली. लाखाच्या घरात माणसं आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी शेजारच्या उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव दिलं. नाव नवं मिळालं, घरं मात्र लष्कराच्या हिशोबाचीच राहिली, एक ते पाच कॅम्प, कॅम्पात सेक्शन, सेक्शनात आकड्यांच्या बॅरॅकी, बॅरॅकीत आकड्यांच्या खोल्या. महायुद्धाच्या काळात कुणा लष्करी कारकुनाने भिंतींवर आकडे घातले आणि मी आज त्यांच्याभोवती कंस घालते. मधल्या काळात गावाने काय काय केलं. फर्निचर बाजार उभा केला, जीन्सचे कारखाने काढले, नगरपालिकेची महापालिका झाली. पत्त्याची घडण तीच.

मी येण्याआधी हे काम पर्लमधली एक जुनी स्क्रिप्ट करायची. लिहिणारा कधीच सोडून गेला होता. तिच्या निकालात मधूनच 'कॅम्प 17' यायचं, आणि ऑफिसात त्यावर विनोद ठरून गेले होते. कॅम्प पाचच आहेत, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत. मी स्क्रिप्ट उघडून वाचली तेव्हा उलगडा झाला. पर्लमध्ये पहिल्या कंसातलं $1 या नावात मिळतं. स्क्रिप्ट आधी सेक्शन शोधायची, $1 मधून आकडा उचलायची, मग लगेच खालच्या ओळीत कॅम्प शोधायची आणि पुन्हा $1 उचलायची. कॅम्प सापडला की नाही, हे मधे कुठेही विचारलेलं नव्हतं. आणि पर्लचा रिवाज असा की शोध फसला तर $1 पुसलं जात नाही. आधीच्या सफल शोधात जे मिळालं तेच तिथे बसून राहतं. स्थानिक दुकानदार पत्त्यात कॅम्प लिहायचा कंटाळा करतो. सतरा सेक्शन म्हटलं की त्याच्या लेखी सगळं सांगून झालं. मग कॅम्पचा शोध फसायचा, $1 मध्ये सेक्शनचा सतराच राहायचा आणि तोच कॅम्पच्या रकान्यात जाऊन बसायचा.

सतरा दिसतो तरी. सेक्शनचा आकडा पाचाच्या आतला असेल तर? तो गुपचूप कॅम्प म्हणून खपतो, कुणी हसतसुद्धा नाही. पार्सल तेवढं गावभर फिरून परत येतं. 'पत्ता चुकीचा' असा शेरा गिऱ्हाइकाच्या माथी.

पायथनमध्ये असं होत नाही. तिथे शोध सफल झाला तर मॅच नावाची वस्तू हातात येते आणि ग्रुप तिच्याकडे मागायचा. शोध फसला तर हातात 'नन' येतो, म्हणजे काहीच नाही. त्या काहीच-नाहीकडे ग्रुप मागितला की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि एरर फेकतो. नवी पोरं या एररला फार वैतागतात. मला ती आवडते. जावामध्येही शोध सफल न होता ग्रुप मागितला की अपवाद फेकला जातो. माझं मत स्पष्ट आहे : जी भाषा इथे आरडाओरडा करते ती चांगली, जी समजुतीने जुना आकडा हातावर ठेवते ती नाही. ओरडा झाला की मी 'सापडला का' हा प्रश्न आधी विचारते आणि मगच कंसात हात घालते.

कंस मोजायची रीत एकदा नीट समजली की आयुष्यभर पुरते. ग्रुपचा नंबर उघडणाऱ्या कंसावरून ठरतो, डावीकडून उजवीकडे. बंद कधी होतो याला महत्त्व नाही. मी हे शिकाऊ मुलांना पिन कोडवर दाखवते, कारण पिन कोड म्हणजे एकात एक बसवलेले कंसच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. ज्यांनी तो आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले दोन उपविभाग, पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा, आणि उरलेले तीन नेमकं पोस्ट ऑफिस. आता उल्हासनगर-तीनचा पिन असा लिहून बघा :

(((4)2)1)(003)

ग्रुप एक ४२१, ग्रुप दोन ४२, ग्रुप तीन ४, ग्रुप चार ००३. मुलं हमखास सांगतात की ग्रुप एक म्हणजे ४, कारण तो कंस आधी बंद होतो. मग बोट ठेवून उघडणारे कंस मोजायला लावले की चेहरे उजळतात. कॅम्प एकचा ४२१००१, दोनचा ४२१००२, असं पाचपर्यंत. अंबरनाथचा ४२१५०१, तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचा वेगळा ४२१५०२, बदलापूरचा ४२१५०३. म्हणजे आमच्या मुलखात ग्रुप एक, दोन, तीन कधी बदलतच नाहीत. सगळी मजा चौथ्यात.

आणि या पिनमध्ये उल्हासनगरपुरती एक सोय दडलेली आहे, ती मला फार आवडते. 'उल्हासनगर-3' मधला तीन आणि '421003' मधला शेवटचा तीन हा एकच आकडा. पत्ता स्वतःच स्वतःची साक्ष देतो. रेजेक्समध्ये एकदा पकडलेला ग्रुप त्याच पॅटर्नमध्ये पुढे पुन्हा मागता येतो, बॅकस्लॅश आणि नंबर लिहून :

उल्हासनगर-([1-5]).*42100\1

कंसात तीन पकडला गेला तर पुढे ४२१००३च हवा, चार पकडला गेला तर ४२१००४च. दोन्ही आकडे पत्त्यात आहेत पण हा पॅटर्न जुळत नाही, असे पत्ते मी वेगळे काढते आणि त्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सांगते. बहुतेक वेळा घर बदललेलं असतं. कॅम्प नवा लिहिला जातो, पिन जुना तसाच राहतो, कारण पिन पाठ असतो आणि पाठ गोष्ट माणूस तपासत नाही. (क्लेनीच्या गणितात हे बसत नाही, बरं का. आधी सापडलेलं आठवून पुढे तेच मागणं त्याच्या व्याख्येतल्या रेग्युलरच्या पलीकडचं आहे. नाव मात्र रेग्युलरच राहिलं.)

या पॅटर्नला एका गोष्टीने दमवलं. काही याद्या देवनागरी अंकांत येतात आणि काहींमध्ये सरमिसळ असते, कॅम्प '३' असा आणि पिन '421003' असा. चौकटीत देवनागरी अंकही घातले तर कंसात ३ पकडला जातो. पण पुढे पुन्हा मागताना संगणक अर्थ बघत नाही, अक्षर बघतो. त्याला हुबेहूब ३ पाहिजे, 3 चालत नाही. म्हणून सगळे अंक आधी एका लिपीत आणायचे आणि मगच पॅटर्न चालवायचा. पायथन याबाबत समजूतदार आहे. त्यातलं अंकासाठीचं चिन्ह, बॅकस्लॅश डी, देवनागरी अंकांनाही अंक मानतं, आणि '४२१००३' ही अक्षरं त्याच्या संख्येत बदलायच्या फंक्शनला दिली तर ते बिनबोभाट संख्या करून देतं. जावास्क्रिप्टमधलं तेच चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखतं. वेबसाइटवरचा फॉर्म जावास्क्रिप्टने तपासायचा आणि मागचं काम पायथनने करायचं असेल, तर एकाच पत्त्याला पुढच्या दारात 'चूक' आणि मागच्या दारात 'बरोबर' असं ऐकायला मिळतं.

अंबरनाथला आलं की कंसाची दोन कामं एकमेकांच्या पायात येतात. अंबरनाथ कुणी अनुस्वाराने लिहितं, कुणी अम्बरनाथ. इंग्रजीतही दोन स्पेलिंगं चालतात. दोन्ही रूपं धरायची म्हणून माझ्या हाताखालच्या मुलाने असं लिहिलं :

अ(ं|म्)बरनाथ

आणि फाइंडऑल चालवलं, म्हणजे यादीतले सगळे अंबरनाथ एकदम मिळतील. स्क्रीनवर काय आलं? अनुस्वार. ठिपक्यांच्या गोलावर बसलेले एकटे अनुस्वार, ओळीच्या ओळी, मधेच एखादा पाय मोडका म. गाव कुठेच नाही. मुलगा घाबरला, त्याला वाटलं फाइलच बिघडली. पायथनचं फाइंडऑल पॅटर्नमध्ये कंस दिसला की पूर्ण मॅच देत नाही, फक्त कंसातला ऐवज देतं. त्याला वाटतं, तुम्ही कंस घातलाय म्हणजे तुम्हाला तेवढंच हवंय. इथे कंस घातला होता तो दोन पर्याय बांधायला. त्यावर तोड म्हणजे न पकडणारा कंस, ज्यात उघडल्याबरोबर प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखे दोन ठिपके येतात :

अ(?:ं|म्)बरनाथ

आता सगळे अंबरनाथ पुरते मिळतात. मी तर सवयच लावून घेतली आहे की आधी प्रत्येक कंस न पकडणारा लिहायचा आणि ज्यातलं पुढे खरंच मागणार आहे त्याचंच प्रश्नचिन्ह ठिपक्यांसकट खोडायचं. दिसायला ते ओंगळ दिसतं. पण पॅटर्न वाचणाऱ्याला कंस बघूनच कळतं की इथून काय काढलं जाणार आहे.

अंबरनाथचे पत्ते अर्धे शिस्तीचे, अर्धे मोकळे. एमआयडीसीतले, म्हणजे आनंदनगर, मोरिवली, चिखलोलीकडचे, एक अक्षर आणि एक आकडा असे प्लॉट. अक्षर एका ग्रुपमध्ये, आकडा दुसऱ्यात, विषय संपला. ऑर्डनन्स इस्टेटमधली क्वार्टर्सही तशीच. बाकी गाव खुणांवर चालतं. त्यातली सगळ्यात जुनी खूण १०६० सालची, शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर. 'शिवमंदिर रोड' एवढ्या भांडवलावर लोक निर्धास्तपणे पार्सलं मागवतात.

खोल्यांचा प्रश्न पुन्हा उल्हासनगरचा. एका कुटुंबाने शेजारची खोली घेतली, पुढे तिच्या शेजारची, मधली भिंत गेली आणि पत्ता झाला 'रूम 5/6/7'. इथे 'आकडा, मग असलीच तर तिरपी रेघ, असं कितीही वेळा' असा पॅटर्न लिहून आकड्याला कंस घातला तर सगळं जुळतं, पण ग्रुपमध्ये फक्त सात उरतो. कंस एकच, त्यात प्रत्येक नवा आकडा आधीच्याला ढकलून बसतो, आणि शेवटी जो आला तो राहतो. डॉटनेटमध्ये आधीचेही मागता येतात, तिथे प्रत्येक ग्रुप आपला सगळा इतिहास सांभाळून ठेवतो. पायथनच्या नेहमीच्या साहित्यात ती सोय नाही. मी मग '5/6/7' हे सबंध एकाच कंसात पकडते आणि नंतर रेघेवर तोडते. रेजेक्सकडून सगळंच करून घ्यायचा हट्ट करणारे हुशार लोक मी पुष्कळ पाहिले. त्यांचे पॅटर्न त्यांनाच पुढच्या महिन्यात वाचता येत नाहीत.

याच कारणाने मी नंबरांऐवजी नावं वापरते. पायथनमध्ये ग्रुपला नाव देता येतं, आणि ते नाव देवनागरीतही चालतं. माझ्या पॅटर्नमध्ये ग्रुपांची नावं 'कॅम्प', 'सेक्शन', 'बॅरॅक', 'रूम' अशीच आहेत. मधे कुणी एक कंस वाढवला तर नंबर सरकतात, नावं सरकत नाहीत. पण आता गंमत बघा. तोच पायथन, ज्याला 'कॅम्प' हे ग्रुपचं नाव म्हणून चालतं, त्याला 'कॅम्प' हा शब्द मजकुरात एक सलग शब्द म्हणून दिसत नाही. शब्दातल्या अक्षरांसाठी जे चिन्ह आहे, बॅकस्लॅश डब्ल्यू, ते आमच्या मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडलेलं अक्षर यांच्यापाशी अडखळतं. युनिकोडच्या दफ्तरी ही चिन्हं 'अक्षर' या सदरात नाहीत, 'मार्क' या वेगळ्या सदरात आहेत, आणि पायथनचं नेहमीचं रेजेक्स साहित्य फक्त अक्षरं, अंक आणि खालची रेघ एवढंच धरतं. त्यामुळे आमच्या तिन्ही गावांचे तुकडे असे हातात येतात :

उल, ह, सनगर
अ, बरन, थ
बदल, प, र

युनिकोडच्या स्वतःच्या मार्गदर्शनात शब्दाच्या अक्षरांत ही चिन्हं धरावीत असं म्हटलेलं आहे. रेजेक्स याच नावाचं एक वेगळं साहित्य पायथनसाठी मिळतं, ते तसं धरतंही. ते घ्यायचं नसेल तर युनिकोडमधला देवनागरीचा सगळा पट्टा चौकटीच्या कंसात लिहून द्यायचा. मी दुसरा मार्ग धरला, कारण ऑफिसच्या जुन्या मशीनवर नवीन काही बसवायचं म्हणजे तीन जणांच्या परवानग्या. इंग्रजीतल्या धड्यांवर शिकलेल्या पोराला हे तुकडे बघून आपलंच काही चुकलं असं वाटतं. धड्यात कुठे असतं हे? तिथे सगळे पत्ते अमेरिकेतल्या एखाद्या स्ट्रीटवरचे.

आता बदलापूर. माझं गाव, म्हणून लिहिताना हात जरा आखडतो, पण रेजेक्सने इथे सपशेल हात टेकले आहेत. कुळगाव, कात्रप, खरवई, शिरगाव एका बाजूला, मांजर्ली, बेलवली, हेंद्रेपाडा दुसऱ्या, अशी खेडी हळूहळू एकमेकांना भिडून हे शहर झालं. आणि झालं ते धावत. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, २०११ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. भिंतींवर आकडे घालायला इथे कुणी लष्कर नव्हतं. आधी इमारत उठली, मग रस्ता, मग रस्त्याला लोकांच्या तोंडी नाव. पत्ता येतो तो असा : 'साईकृपा, बी विंग, ३०२, शाळेच्या मागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर, कात्रप, बदलापूर पूर्व.' साईकृपा किती आहेत हे त्या साईलाच ठाऊक. 'मागे' हा शब्द कंसात पकडता येतो, मागे म्हणजे स्टेशनकडून बघताना की हायवेकडून, हे पकडता येत नाही.

मी सुरुवातीला बदलापूरसाठी लांबच लांब पॅटर्न लिहिले. जवळ, समोर, मागे, शेजारी, बाजूला, सगळे पर्याय घातले. ते जुळायचेही. पण कंसातून निघालेल्या तुकड्यांचा उपयोग शून्य, कारण वाटणाऱ्याला ते तुकडे नको असतात. त्याला अख्खं वाक्य हवं असतं, ज्या क्रमाने माणसाने सांगितलं त्याच क्रमाने. म्हणून आता बदलापूरच्या पत्त्यातून मी तीनच गोष्टी काढते. पूर्व की पश्चिम, पिन, आणि ओळीत फोन नंबर असला तर तो. बाकी सगळी ओळ जशीच्या तशी, ग्रुप शून्य. वरिष्ठांना हे काम अर्धवट वाटतं. उल्हासनगरच्या शीटमध्ये सुबक सहा रकाने आणि बदलापूरच्या शीटमध्ये एक गलेलठ्ठ रकाना, हे मीटिंगमध्ये दाखवायला बरं दिसत नाही ना. पण गावाने जे आकडे कधी घातलेच नाहीत ते मी कंसातून कुठून काढू?

उल्हासनगरमध्येही काही ग्रुप रिकामे येतातच. इथे आमच्याकडचे दादा कामाला येतात. वीसेक वर्षं याच पाच कॅम्पांत सायकल, मग स्कूटर फिरवलेला माणूस. दुपारी गाड्या परतल्या की मी रिकाम्या कॅम्पची यादी घेऊन त्यांच्याजवळ बसते.

"दादा, याच्यात कॅम्पच नाही लिहिलाय."

"खाली काय लिहिलंय?"

"लालचक्की."

"मग चारच की, ताई. लालचक्की काय पाचात जाणारे का?"

"आणि हे गोल मैदान?"

"एक. हे पण विचारायचं असतं होय?"

अशा उत्तरांचा मी एक तक्ता केला आहे. खूण डावीकडे, कॅम्प उजवीकडे. पत्त्यातून कॅम्पचा ग्रुप रिकामा आला की प्रोग्राम तक्ता बघतो. मात्र पत्त्यातून काढलेला कॅम्प आणि दादांनी सांगितलेला कॅम्प मी एका रकान्यात मिसळत नाही. शेजारी एक खूण असते, हा आकडा लिहिलेला होता की समजून घेतलेला. साहेबांनी विचारलं, आकडा बरोबर आहे ना, मग फरक काय पडतो? पडतो. उद्या पार्सल परत आलं तर चूक गिऱ्हाइकाच्या लिहिण्यात होती की आमच्या समजण्यात, हे त्या खुणेवरून कळतं.

पायथनमध्येही असाच एक बारीक भेद आहे आणि तो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. पॅटर्नमधला एखादा भाग ऐच्छिक ठेवला आणि तो पत्त्यात आलाच नाही, तर त्याच्या ग्रुपमध्ये 'नन' येतो. तो भाग आला पण कंसात जुळायला काही नव्हतं, म्हणजे 'सेक्शन' हा शब्द लिहून पुढे मोकळं सोडलेलं असलं, आणि कंसात शून्य अंकही चालतील असं आपण म्हटलं असलं, तर येते ती रिकामी अक्षरमाळ. शीटमध्ये दोन्ही घरं कोरीच दिसतात. पहिल्यात माणसाने सेक्शनचं नावच काढलं नाही, दुसऱ्यात त्याला आकडा आठवला नाही किंवा दुकानदाराने लिहून घेतला नाही. पहिला पत्ता मी दादांकडे नेते, दुसऱ्यासाठी दुकानदाराला फोन.

अलीकडे बॅरॅकी पडून त्या जागी इमारती उठतायत. पत्त्यात नवीन इमारतीचं नाव येतं, पण जुना बॅरॅकचा आकडा लोक सोडत नाहीत, कारण वीजबिलावर, रेशनकार्डावर तोच आहे. मी पॅटर्नमध्ये इमारतीसाठी एक ऐच्छिक ग्रुप वाढवला. नावं वापरत असल्यामुळे बाकी कशाला धक्का लागला नाही.

मध्यंतरी वरून असा विचार निघाला की ही सगळी फोडाफोडी हवीच कशाला, दुकानदारांना सरळ फॉर्मच द्यावा. रूम, बॅरॅक, सेक्शन, कॅम्प, पिन, प्रत्येकाला वेगळी चौकट, भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मुलांनी तो आठवड्यात बनवला, दिसायला देखणा झाला. पहिल्या दिवशीच्या नोंदी मी उघडल्या. पहिल्या चौकटीत, म्हणजे रूम नंबरच्या जागी, बीकेपासून पिनपर्यंत अख्खा पत्ता, आणि खालच्या चारही चौकटींत एकेक टिंब. फॉर्म अजून चालू आहे. त्याच्या पहिल्या चौकटीवर माझा जुना पॅटर्न लावला आहे.